टेबलावरची परीक्षा

१४ जानेवारी

बेअरिंगवाले दरवर्षी एक डायरी फुकट देतात. दरवर्षी ती दुरुस्तीला आलेल्या विजेच्या मोटारींचे नंबर टिपण्यातच संपते. यंदा पहिल्यांदाच तिच्यात घरचं लिहितोय. आजोबा होऊन चार दिवस झाले आणि नातीला अजून हात लावलेला नाही. हे सांगायचं कुणाला? भेटेल तो 'तोंड गोड करा' म्हणतो.

दिवस भरायला अकरा आठवडे बाकी होते. पोरीला घाई झाली. वजन एक किलो एकशे चाळीस ग्रॅम. माझ्या दुकानातला अर्ध्या एचपीच्या मोटारीचा रोटर याहून जड भरतो. काचेच्या पेटीत असते. नाकात नळी, पावलाला लाल दिवा, डोक्यावर माझ्या मुठीत मावेल एवढी टोपी. सिस्टरनं तिचं नाव मिरी ठेवलंय. म्हणते, "आकारावर जाऊ नका आजोबा, तिखट आहे."

वॉर्डाबाहेर बसून दुसरं काही करता येत नाही, म्हणून मशीनं ऐकत बसतो. आयुष्यभर तेच केलं. मोटार बिघडली की मी आधी खोलत नाही. लांब पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. शिक्षण सातवी नापास, पण या दोन कानांवर दुकान उभं केलं. आज सिस्टरला म्हणालो, "तिसऱ्या पेटीचा पंखा घासतोय." तिला पटेना. दुपारी मशीनचा माणूस आला, त्यानं उघडून बघितलं. घासत होता. तेव्हापासून ती मला जरा मानानं वागवते.

व्याहीही रोज येतात. रिटायर्ड ट्रॅफिक हवालदार. तेहतीस वर्षं चौकात उभे होते. तोंडानं बोलणं कमी, सगळं हातानं. चहा नको असला की तळवा उभा करतात आणि चहावाला जागच्या जागी थांबतो. माणूस वाईट नाही. पण मी साडेनऊला पोहोचतो तर हे नऊलाच खुर्ची धरून.

२ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

मूल उघड्या छातीशी धरलं की त्याचा श्वास नीट चालतो, वजन भरतं, असं डॉक्टर म्हणतात. रोज आमची लेक धरते. काल तिला ताप आला. जावई लांबच्या साइटवर, परवा पोहोचणार. सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, "घरातलं कुणीतरी हवं."

मी उभा राहिलोच होतो. तिनं माझे हात हातात घेतले, नाकाजवळ नेले. "आजोबा, ऑइलचा वास येतोय."

"तीनदा धुतलेत."

"दहादा धुवा. तुमच्या कातडीत मुरलंय ते."

आणि हवालदारांचा शर्ट निघालासुद्धा! एवढ्या घाईनं त्यांनी कधी रस्तासुद्धा मोकळा केला नसेल. आरामखुर्चीत बसले, सिस्टरनं मिरीला त्यांच्या छातीवर पालथी ठेवली, वरून चादर घातली. सव्वा तास. मी काचेतून घड्याळ बघत होतो. मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा एक्याण्णववरून शहाण्णववर गेला.

माझ्या छातीवर गेला नसता का?

घरी येऊन सोडा, लिंबू, राख, सगळं हातांना चोळलं. ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आजोबा झालात की निवडणुकीला उभे राहिलात?"

११ फेब्रुवारी

जंतुसंसर्ग. दोन दिवस मिरीनं डोळे उघडलेले नाहीत. जड इंजेक्शनं चालू केलीत. डॉक्टर म्हणाले, या औषधाचा किडनीवर, कानावर परिणाम होऊ शकतो, पुढे लक्ष ठेवू, आत्ता जीव महत्त्वाचा. आम्ही दोघे व्याही एका बाकावर बसलो होतो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी काढला नाही.

६ मार्च

घरी आली! दोन किलो पन्नास.

जावई परत साइटवर, लेक आणि मिरी आमच्याकडे. सोबत ही जाडजूड फाइल. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली, डोळे चांगले. हातपाय ताठ पडू नयेत म्हणून व्यायाम. मेंदूचा फोटो ठीक. आणि अशा मुलांना दोन वयं असतात म्हणे, एक जन्मल्या दिवसापासूनचं, दुसरं जन्मायला हवी होती त्या दिवसापासूनचं. मान कधी धरेल, हसेल कधी, ते दुसऱ्या वयानं मोजायचं. म्हणजे आज आमची नात दोन महिन्यांची आहे आणि अजून जन्मलेली नाही. मी हे हवालदारांना सांगितलं, तर त्यांना आधीच माहीत होतं.

एकच राहिलं. कानांच्या तपासणीत मशीननं 'पुन्हा करा' असं दाखवलं. डॉक्टर म्हणाले, कधी कधी कानात ओल असते, तसंच असेल. पण ९ एप्रिलला या, चुकवू नका. फाइल मी माझ्या ताब्यात घेतलीय.

२२ मार्च

या पोरीत माझं रक्त आहे. घरामागच्या खोलीत मोटारींच्या तारा गुंडाळायचं माझं वाइंडिंगचं टेबल आहे. आज दुपारी तिथे मोटार ट्रायलला लावली. असली कर्कश की शेजारीण ओरडत आली. आणि मिरी? पाळण्यात गाढ. कुकरची शिट्टी, दाराची बेल, कशानंही हलत नाही. मी हिला म्हणालो, "मेकॅनिकची नात आहे. आवाजाची भीती नाही तिला."

ही म्हणाली, "आपली लेक टाचणी पडली तरी उठायची."

"ती तुझ्यावर गेली होती."

४ एप्रिल

कालपासून हवालदारांनी डोकं उठवलंय. "नऊ तारखेला मी रिक्षा सांगून ठेवतो. नऊला निघू. कानांचं राहिलंय."

म्हणालो, "गाडी माझ्याकडे आहे. फाइल माझ्याकडे आहे. नातही माझ्याच घरी आहे."

"तसं नव्हे हो मिस्त्री, मी फक्त सोबत..."

"सोबतीला तिची आई आहे."

त्यांनी हात खाली घेतले. मग मात्र मला राग आला तो त्या तपासणीचाच. मशीन बिघडलं असेल त्यांचं! पंखा घासत होता तो कुणी ऐकला? मी. आज सकाळी टेबल पुसलं, त्यावर धुतलेली दुपटी घातली, मिरीला आडवी केली. तिच्या डोक्यामागे उभा राहिलो, म्हणजे मी दिसायला नको, आणि अठराचा पाना टेबलावर आपटला. पोरगी अशी दचकली की दोन्ही हात पसरले, ओठ काढला आणि रडायला लागली! दुसऱ्यांदा आपटला, दुसऱ्यांदा दचकली. शंभर टक्के पास.

लेकीला बोलावून दाखवलं. ती बिचारी सतत जागून अर्धी झालीय. बघितलं आणि मटकन बसली. डोळे पुसत म्हणाली, "बाबा, माझ्या मनात भलतंसलतं यायला लागलं होतं."

"मी आहे ना."

९ एप्रिल

गेलो नाही. ऊन फार, दवाखान्यात पन्नास रोगी खोकणार, एवढ्याशा जिवाला कशाला? लेक दोनदा म्हणाली, "नक्की ना, बाबा?" चाळीस वर्षं ऐकतोय मी. नक्की.

हवालदार रिक्षा घेऊन नऊला दारात हजर. मी टेबलावरची परीक्षा सविस्तर सांगितली. ते बराच वेळ पाळण्याशी उभे होते, मग रिक्षा परत पाठवली. वाद घातला नाही. घातला असता तर बरं वाटलं असतं. जिंकल्यासारखं तरी वाटलं असतं.

४ मे

मिरी टक लावून बघायला लागली. हवालदारांना.

हा गृहस्थ रोज पाचला येतो, तिच्यासमोर बसतो आणि चौक चालवतो! डावीकडची वाहतूक थांबवली, उजवीकडची सोडली, पादचारी थांबा, म्हातारीला जाऊ द्या. तोंडानं एक अक्षर नाही. आणि ती पोरगी हात जातील तिकडे डोळे फिरवते. मी मागून, बाजूनं, गोड आवाजात, जाड आवाजात, "मिरे, ए मिरे" करून घसा बसवून घेतला. ढुंकून बघत नाही.

२३ मे

आज हसली. खरं, तोंडभर हसू. लेक रडली, ही रडली, जावयाला फोन झाला. हसली कुणाकडे बघून, ते लिहीत नाही.

मी तिच्यासाठी पितळेची घंटी केलीय. सात दिवस कानस मारून सूर जुळवला. एवढी गोड वाजते की शेजारणीनं विचारलं, कुठून आणली. आज मिरीच्या उशाशी बसून वाजवली. ती भिंतीवरच्या पंख्याच्या सावलीकडे बघत राहिली. हवालदार दारातून आत आले, हात हलवला, आणि बाईसाहेब गालात हसल्या.

ती घंटी मी खिळ्यांच्या डब्यात टाकून दिली. हिला म्हणालो, "बोलत नाही तो माणूस तिच्याशी. एक शब्द नाही! मग त्यांच्यात आहे काय एवढं?"

ही म्हणाली, "तेच मी विचारतेय स्वतःला. बोलत नाही, तरी त्यांच्याचकडे का बघते."

मला वाटलं, हीसुद्धा त्यांच्या बाजूची झाली.

५ जून

हे लिहायलाच हवं.

सकाळी लेक आंघोळीला गेली, ही बाजारात. मिरीला वेताच्या टोपलीत घालून मागच्या खोलीत आणली. टोपली टेबलावर ठेवली, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मोटार चालू केली. मिरी हसली! माझ्याच मोटारीला! मी मोटार बंद केली, हसू गेलं. चालू केली, आलं. पाच वेळा केलं. मनात म्हणालो, हवालदार, या आता.

मग टोपलीत ऊन यायला लागलं म्हणून मी ती उचलून हातात धरली. मोटार चालूच होती. तीच मोटार, तोच आवाज, उलट मोटारीला आणखी जवळ. मिरीचं हसू गेलं. कपाळाला आठी घालून इकडेतिकडे बघायला लागली, कुणी काही हातातून काढून घेतल्यासारखी. टोपली टेबलावर टेकवली, हसली. उचलली, गेलं.

कितीदा उचलली आणि ठेवली ते आठवत नाही.

चाळीस वर्षं पेचकस हाडाला लावून ऐकतोय. हवेतून येणारा आवाज वेगळा आणि लोखंडातून, लाकडातून अंगात शिरणारा वेगळा, हे माझ्याइतकं कुणाला कळावं? पोरं दुकानात कामाला लागली की पहिल्या दिवशी मी हेच शिकवतो. आणि परीक्षा घेतली ती टेबलावर. पाना आपटला तो टेबलावर.

खात्री करायला मोटार बंद केली. मिरीला खांद्यावर घेतली. दुसऱ्या हातानं घंटी शोधली, तिच्या कानामागे धरून वाजवली. माझे डोळे भरून येईपर्यंत वाजवली. ती माझ्या शर्टाचं बटण बघत होती.

६ जून

लेकीला सांगितलं नाही. ती मिरीला मांडीवर घेऊन गुणगुणत होती आणि मला तिथून उठून जावं लागलं.

७ जून

आधी हवालदारांच्या घरी गेलो. पहिल्यांदाच असा न सांगता गेलो. ते अंगणात सायकल पुसत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. म्हणालो, "दोन महिने घालवले मी. तुम्ही रिक्षा घेऊन आलात आणि मी दारातून परत पाठवायला लावली. का, तर तुम्ही आणली म्हणून. शिव्या द्या."

मला वाटलं, आता हातानंच काहीतरी येणार. मग ते खाली बसले, पायरीवर.

"मिस्त्री, मला महिन्यापूर्वीच शंका आली होती."

"काय?"

"माझी जुनी शिट्टी. एकदा तुम्ही घरात नव्हतात. तिच्या मागून वाजवली. चौकात ट्रक थांबायचे त्या शिट्टीला. तिनं मान हलवली नाही. डोळेसुद्धा नाही."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"तुम्ही पास केलं होतंत ना तिला. मी कोण शंका घेणारा?" फडकं पिळत राहिले. मग म्हणाले, "खोटं बोलतोय. तसं नाही. तेहतीस वर्षं चौकात लोकांनी माझ्याकडे बघून शिव्याच घातल्या. हे एक पोर माझ्या हातांकडे बघून हसतं. मला वाटलं, कळलं तर सगळे हेच म्हणतील, हं, ऐकू येत नाही म्हणून बघते. मग माझं काय राहिलं?"

माझ्या तोंडात मोठी शिवी आली होती. ती नेमकी कुणाला द्यायची ते ठरेना. शेजारी बसलो. म्हणालो, "दोघेही सारखेच गाढव आहोत."

"तुम्ही जरा जास्त," हवालदार म्हणाले. "फाइल तुमच्याकडे होती."

तिथून दोघे मिळून आमच्या घरी आलो. लेकीला मी सांगितलं. ती ओरडली नाही. मिरीला उचलून आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली. ती कडी मला अजून ऐकू येतेय. बाहेरून ही म्हणत होती, "दार उघड गं बाळा," आणि आम्ही दोघे चपला घालाव्यात की काढाव्यात अशा बेतात दारात उभे.

शेवटी कडी निघाली. लेक मला म्हणाली, "फाइल द्या." एवढंच. दिली.

१३ जून

मोठी तपासणी. मिरी झोपलेली असताना डोक्याला तारा लावल्या. कान तपासणाऱ्या बाईंनी कागद बघून सांगितलं, दोन्ही कान, बरंच कमी ऐकू येतं, अगदी शून्य नाही. मग फाइल चाळून विचारलं, "एप्रिलमध्ये का आणलं नाही?"

लेक काही बोलायच्या आत मी म्हणालो, "माझ्यामुळे. मी घरीच परीक्षा घेतली होती."

"कशी?"

सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "टेबलाची थरथर लागली तिला. पुष्कळ लोक थाळी वाजवून बघतात आणि निश्चिंत होतात. तुम्ही निदान टोपली उचलून बघितलीत." कानांना लवकर मशीनं बसवली, रोज बोलत राहिलं, शिकवणी चुकवली नाही तर पुढे बोलायला शिकेल, असं त्यांना वाटतं. वेळ आहे, पण आता एक दिवसही वाया घालवू नका म्हणाल्या. लेकीनं सगळं कागदावर उतरवून घेतलं. मला पेन मागितलं. सहा दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागितलं.

२ जुलै

हवालदारांकडून हात शिकतोय. बाई म्हणाल्या, आवाजासोबत हातांचाही उपयोग करा, दोन्ही चालू द्या. 'थांब' जमतो. 'ये' जमतो. 'दूध' नावाचा हात त्यांनी स्वतः बनवलाय, गाईची धार काढतात तसा, तो माझ्याच्यानं होत नाही. म्हणतात, "मनगट सैल सोडा मिस्त्री, मोटार गुंडाळताय का?" मिरी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघते. त्यांच्याकडे जरा जास्त. मी मोजतो असं नाही, पण दिसतं.

१८ जुलै

आज मशीनं बसली. शेंगदाण्याएवढी, दोन्ही कानांमागे. बाईंनी साच्यातून केलेले मऊ बोळे कानात बसवले, बटणं लावली आणि म्हणाल्या, "आता मागून कुणीतरी हळू बोला. ओरडायचं नाही. ओळखीचा आवाज."

मी लेकीकडे बघितलं. हक्क तिचा. मिरी तिच्याच मांडीवर होती, चोखणी चोखत. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही बोला."

"अगं, तू आई..."

"मी समोर आहे, मला ती बघतेय. तुम्ही मागे उभे आहात." आणि मग हळूच, "चार महिने ओरडताय तिच्यामागे. बोला आता."

मी तिच्या डोक्यामागे जरा वाकलो. हवालदार मिरीच्या समोर, भिंतीशी होते. त्यांचे हात सवयीनं वर यायला लागले होते. त्यांनी ते बघितले, आणि दोन्ही हात खिशात घातले. खोल, कोपरापर्यंत.

मी म्हणालो, "मिरे. मी आहे गं."

चोखणी थांबली. डोळे मोठे झाले. मान वळली नाही, पण सगळी पोरगी आतून थांबली, कुणीतरी स्विच दाबावा तशी. मग खालचा ओठ बाहेर आला, थरथरला आणि तिनं असा गळा काढला की बाहेरच्या खोलीतले लोक डोकावले.

बाई हसून म्हणाल्या, "नवीन आहे ना, घाबरली."

लेक हसत होती, रडत होती. हिनं पदर डोळ्यांना लावला. मला मात्र कुणी काही सांगू नका. माझ्या आवाजाला रडली! मला बघून नव्हे, ऐकून! आजवर एवढे हातवारे केले, पण हवालदारांना तिला एकदाही रडवता आलेलं नाही.

परत येताना गाडी मी चालवत होतो. मिरीच्या शेजारी मागे बसायला मीच त्यांना सांगितलं. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मिस्त्री, माझ्या आवाजाला पण रडेल का हो?"

म्हणालो, "हवालदार, रांगेत या."

आणि घर येईपर्यंत बोलतच राहिलो. हे दुकान, ती बेकरी, हा सिग्नल, तो कुत्रा. हवालदार दोनदा म्हणाले, समोर बघा. समोरच बघत होतो. कान तेवढे मागे होते.